वळणावरचा कठडा

डव्ही नदीच्या खोऱ्यात आपल्या हातून घडलेली सर्वांत सुंदर वस्तू कोणती, असे कुणी विचारले असते, तर कॅडवालडर सुताराने निःशंकपणे रोलंड प्राइसच्या नव्या घराचा जिना दाखविला असता. ते घर समोरून पाहताना स्थिरबुद्धी पुरुषाचे दर्शन व्हावे तसे वाटे. मधोमध दार, दारावर अर्धचंद्राकार काच, दोन्ही अंगांस समसमान खिडक्या, माथ्यावर निळसर पाटीच्या दगडाचे छप्पर. दार उघडताच ओकचा जिना वर चढे आणि मध्यावर वळताना त्याचा महागनीचा कठडा ओढ्याच्या पाण्यासारखा सहज वाकत असे. त्या एका वाकणासाठी कॅडवालडरने अख्खा हिवाळा वेचला होता.

घर उभे राहून सहा वर्षे झाली आणि रोलंड वरच्या खोलीत निवर्तला.

शवपेटी अर्थातच कॅडवालडरने केली. रिकामी असताना ती उभी धरून वर नेली होती. सकाळी सर्वांनी अंत्यदर्शन घेतले, झाकणास खिळे ठोकले, आणि सहा खांदेकरी ती घेऊन निघाले. वळणापाशी मात्र पेटी अडली. एका अंगास भिंत, दुसऱ्या अंगास कठडा; पुढे सरकेना.

"कलती करा," कुणी म्हणाले.

"कलती करून भागत नाही, उभीच करावी लागेल," गिरणीवाला ग्रिफिथ धापा टाकत म्हणाला. "रोलंड जन्मात कधी डोक्यावर उभा राहिला नाही. आता राहील होय?"

कॅडवालडरच्या कपाळावर घाम डवरला. तीस वर्षे तो या खोऱ्याचे जिने करीत होता आणि पेट्याही. परंतु ती दोन मापे त्याने कधी शेजारी ठेविली नव्हती. तसा प्रसंगच नव्हता. जुन्या घरांत माडीच्या जमिनीतील काही फळ्या सुट्या ठेवीत आणि त्या काढून मृतास दोरांनी खाली सोडीत. या घरात तसली सोय नको, असे रोलंडनेच बजाविले होते. "मी काय धान्याचं पोतं आहे? माझ्या जिन्यावरून जाईन," असे तो हसून म्हणाला होता, आणि कॅडवालडरनेही हसून मान डोलाविली होती.

"परत वर न्या. झाकण काढून त्याला हातांवर आणू, नाहीतर खिडकी काढू," ग्रिफिथ म्हणाला.

जिन्याच्या पायथ्याशी रोलंडची विधवा गेनोर काळी शाल घेऊन उभी होती. "झाकण एकदा बसलं की बसलं. आणि खिडकीतून चोर उतरतात, ग्रिफिथ. माझा माणूस दारातून जाईल."

दाराबाहेर सारे गाव उघड्या डोक्याने तिष्ठत होते. पेटी उंबऱ्यावर आल्याखेरीज धर्मोपदेशक पोथी उघडणार नव्हते, आणि स्तोत्रही उठणार नव्हते.

गेनोरने कॅडवालडरकडे पाहिले. "तुझ्या जिन्याला हात लाव, असं काही मी म्हणणार नाही हो."

"तुम्ही कशाला म्हणाल, बाई," तो हलकेच म्हणाला. "चूक माझी आहे."

त्याने करवत मागविली. खांदेकऱ्यांनी पेटी पायऱ्यांवर टेकविली. वाकणाच्या दोन्ही टोकांस त्याने सावकाश करवत चालविली, खालचे गज एकेक करून उपसले, आणि तो तुकडा उरी धरून भिंतीस चिकटून उभा राहिला. लाल भुसा पायऱ्यांवर पसरला. त्यावरून पाऊल जपत रोलंड खाली उतरला, दारातून उंबऱ्यावर आला, आणि बाहेर स्तोत्राचा स्वर उठला.

पुढल्या आठवड्यात कॅडवालडर तुकडा बसवायला आला. सरस लावून रंधा फिरविला असता, तर सांधा कुणाच्या दृष्टीस पडला नसता. त्याने तसे केले नाही. दोन्ही टोकांस खाच पाडली, ओकच्या खुंट्या घातल्या, आणि गजही खाली नुसते खोवून ठेविले.

गेनोरने सांध्यावरून अंगठा फिरविला. "लागतोय हाताला."

"लागेल, बाई."

"खुंटी सहज निघते?"

"दोन बोटांनी."

तिने दोन्ही खुंट्या उपसल्या. मग तुकडा तिने स्वतःच उचलून पाहिला आणि परत जागेवर बसविला.

"ग्रिफिथला दाखवून ठेव," ती म्हणाली. "नाहीतर माझ्या वेळेला तो पुन्हा खिडकीच काढायला निघेल."