कर्स्टीचं पीप

व्हिस्कीबरोबर गोड खाणं हा माझ्या भावाच्या मते निव्वळ चाळा आहे, आणि माझं दुकान त्या चाळ्यावरच चालतं. इन्व्हरडॅलनच्या डिस्टिलरीत, म्हणजे आमच्या गावच्या व्हिस्कीच्या कारखान्यात, पाहुणे येतात, त्यांच्यापुढे ग्लास मांडतात, आणि प्रत्येक ग्लासाशेजारी माझ्या दुकानातला एकेक तुकडा असतो. शेरी वाइनच्या जुन्या पिपात मुरलेल्या व्हिस्कीबरोबर आल्याची टॅब्लेट. धुरकट मालाबरोबर बटाटा आणि साखरेची, खोबऱ्यात घोळवलेली वडी. हलक्या मालाबरोबर आंबट हिरव्या गोळ्या. आधी गोड जिभेवर विरघळू द्यायचं आणि मगच घोट घ्यायचा, हे मला दर आठवड्याला कुणा ना कुणा शहाण्याला सांगावं लागतं.

टॅब्लेट ही आमच्याकडची वडी, म्हणजे साखर, लोणी, आटीव दूध आणि खांदा निखळेपर्यंत घोटणं. दुसरं काही नाही. जरा आधी हात थांबला तर वडी चिकट राहते, जरा उशीर झाला तर पातेल्यातच दगड होतो. हे काम मी लग्न न करता, कुणाचं न ऐकता उभा जन्म केलं आहे, त्यामुळे मला थोडा ताठा आहे, तो असू दे.

मर्डो माझा थोरला भाऊ. तो डिस्टिलरीच्या गोदामात कामाला होता. पिपं रचणं, फिरवणं, गळकं पीप वासावरून ओळखणं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. माझ्या दुकानात आला की काउंटरला टेकून म्हणायचा, "एफी, तू चर्चमध्ये शेंगदाणे विकतेस बघ."

"आणि तू शेंगदाणे न खाता नुसता प्रार्थनेला बसतोस, म्हणून तोंड असं वाकडं," मी म्हणायची.

पण वर्षातून एक दिवस हाच माणूस खिशातून छोटी बाटली काढून गुपचूप माझ्यापुढे ठेवायचा. "बघ जरा, याच्याबरोबर काय जातं." तो दिवस त्याच्या मुलीचा, कर्स्टीचा वाढदिवस असायचा, आणि बाटलीत तिच्या पिपातली व्हिस्की असायची.

कर्स्टी जन्मली तेव्हा मर्डोने एक लहान पीप ताज्या मालाने भरून घेतलं होतं. आमच्याकडे ज्याला जमेल तो करतो असं. लेकरू वाढतं, पीप मुरतं, आणि लेकराच्या आयुष्यात मोठा दिवस आला की बूच काढायचं. पिपाच्या तोंडावर त्याने पांढऱ्या रंगात तिचं नाव लिहिलं होतं. शाळेतून येताना पोर गोदामात डोकवायची आणि विचारायची, "बाबा, माझं पीप झोपलंय का?" तिची आई लवकर गेली, त्यामुळे बापलेकीचं सगळं प्रेम त्या लाकडाभोवतीच फिरायचं.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा ग्लासगोचा, कॉलम नावाचा, नळकाम करणारा. चांगला हसरा मुलगा होता, मर्डोलाही आवडला होता. लग्नाच्या आठवड्यात कर्स्टी म्हणाली, "बाबा, आता काढायचं ना बूच?"

मर्डोने बाजूच्या लहान भोकातून तांब्याच्या नळीने थोडी व्हिस्की काढली, वास घेतला, जिभेवर फिरवली आणि मान हलवली. "अजून तयार नाही. आणखी दोन-तीन वर्षं थांबू या."

"पण लग्न परवा आहे."

"म्हणून काय कच्चा माल पाजू लोकांना? तुझं नाव आहे त्याच्यावर."

मी तिथेच उभी होते. त्याला खरंच वाटत होतं की आपण लेकीचा मान राखतोय. आणि तिला वाटलं, बाप म्हणतोय की हा मुलगा, हे लग्न, हा दिवस काही एवढा मोठा नाही. ती वाद घालणारी असती तर बरं झालं असतं. पण आमच्या घरात कुणी भांडत नाही, सगळे नुसते विनयाने वागायला लागतात. लग्नात विकत आणलेल्या बाटल्या उघडल्या. कॉलमच्या बापाने सगळ्यांदेखत थट्टा केली, "व्हिस्कीवाल्याच्या घरची सोयरीक आणि व्हिस्की मात्र विकतची." लोक हसले. कर्स्टी हसली नाही. वर्षभरात नवराबायको कॅनडाला गेली.

त्यानंतर नाताळची कार्डं आली, फोन आले, पण त्यात हवापाण्यापलीकडे काही नसायचं. दोन-तीन वर्षांनी माल तयार झाला तेव्हा मर्डो मला म्हणाला, "आता ती आली पाहिजे."

"मग बोलाव की."

"ती विचारेल तेव्हा. मी पीप पुढे करून लाच दिल्यासारखं दिसेल."

मी हात टेकले. दर वाढदिवसाला छोटी बाटली येत राहिली. पहिल्या वर्षांत ती मधाळ होती, तिच्याबरोबर साधी लोण्याची टॅब्लेट पुरायची. मग वाळल्या मनुकांसारखी झाली, तेव्हा मी आलं घातलं. पुढे पुढे लाकूड वर आलं, जीभ कोरडी पडायला लागली, तेव्हा वडीत जास्त लोणी आणि चिमूटभर मीठ घालावं लागलं. मर्डो तुकडा खायचा, घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "हं. तिला आवडलं असतं." एवढंच. लेकीविषयी तो वर्षभरात एवढंच बोलायचा.

या वसंतात कर्स्टीचा फोन आला, त्याला नाही, मला. "आत्या, मी आठवडाभर येतेय. एकटीच." मग म्हणाली, "ते पीप अजून आहे का गं?"

मी दुकान उघडं टाकून मर्डोच्या घरी धावत गेले. या वयात, या गुडघ्यांनी. तो बागेत बटाटे लावत होता. मी सांगितलं तशी त्याने कुदळ टाकली आणि मातीच्या हातांनीच तोंड पुसलं.

"विचारलं तिने?"

"विचारलं रे बाबा. आता तरी खूश हो."

तो खूश झाला. इतका की दुसऱ्या दिवशी केस कापून आला. म्हणाला, "तू वडी कर. अशी कर की त्या मालाला शोभेल." मी म्हटलं, करते. आणि तो गोदामात गेला, बाटल्या भरायच्या आधी मालाचा जोर मोजून घ्यायला.

परत आला तो चेहरा उतरलेला. माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला. पातेलं आटत होतं, मला हात सोडता येईना.

"काय झालं?"

"चाळीसच्या खाली गेलीय."

मी घोटता घोटता त्याच्याकडे पाहिलं. आमच्याकडे लहान पोरालाही कळतं याचा अर्थ. दरवर्षी पिपातून थोडी उडून जाते, देवदूतांचा वाटा म्हणतो आम्ही त्याला. वाटा घेता घेता अल्कोहोलचा जोर चाळीस टक्क्यांच्या खाली उतरला की कायद्याने ती व्हिस्की राहत नाही. लहान पिपात तर ते लवकर होतं. गोदामात जन्म काढलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं, म्हणजे काय म्हणायचं. तो दरवर्षी चव घेत होता, मोजत मात्र नव्हता. मला वाटतं त्याला मोजायची भीती वाटत होती.

"बरं मग?" मी म्हटलं. "घरात प्यायचीय. कोण कायदा बघायला येणार आहे?"

"मला माहीत आहे ना."

"दुसऱ्या पिपातला जोरकस माल थोडा मिसळ."

"जी व्हिस्कीच नाही तिच्यात काय मिसळू? आणि मग ते तिचं पीप कसलं?"

"मर्डो, ती चव घ्यायला येत नाहीये."

"तुला काय कळतंय," तो म्हणाला, आणि निघून गेला. त्या नादात माझी वडी पातेल्यात दगड झाली. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि दुसरं पातेलं चढवलं. वाटलं, राग ओसरला की येईल ठिकाणावर.

कर्स्टी आली तो दिवस छान उजळलेला होता. तिच्या कानाजवळ पांढरे केस दिसले आणि मला एकदम भरून आलं. मर्डोने तिला मिठी मारली, पण खांद्याला खांदा लावून, जशी पुरुष मारतात तशी. जेवण झालं. मी वड्या मांडल्या, लोणी जास्त घातलेल्या, मिठाच्या. मर्डोने कापीव काचेची सुरई आणली, आमच्या आईची. तीन ग्लासांत ओतलं.

"तुझ्या पिपातली," तो म्हणाला.

मी तुकडा तोंडात टाकला, विरघळू दिला आणि घोट घेतला. मीठ वर आलं, लोणी तोंडभर लगदा होऊन बसलं. ज्या कोरड्या, लाकडी घोटासाठी मी ती वडी केली होती तो हा घोटच नव्हता. ही चांगली, गोडसर, विकतची व्हिस्की होती. मी मर्डोकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. मी वड्यांची ताटली कर्स्टीकडे सरकवली. लेकीच्या समोर त्याला उघडं पाडायचं काम माझ्याकडून झालं नसतं.

कर्स्टीने ग्लास ओठाला लावला आणि खाली ठेवला. वडी मात्र चवीने खाल्ली. मर्डो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"कशी आहे?"

ती हसली. "बाबा, खरं सांगू? मला व्हिस्की आवडत नाही. कधीच आवडली नाही. लहानपणी तुमच्या बोटाची चाटली होती तेव्हाही नाही."

"मग तेव्हा पीप कशाला मागितलंस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर बूच काढावं म्हणून. हातोडी घेऊन, तुम्ही काढता तसं. आत पाणी असतं तरी मला चाललं असतं." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. बाप समोर असताना ती एवढी मोकळी कधी बोलली नव्हती. "म्हणून तर आलेय मी. या सुरईपुरती काढली असेल ना नळीने? उद्या आपण गोदामात जाऊ. मी, तुम्ही आणि आत्या. तुम्ही बूच काढा, मी नुसती बघते."

मर्डोने आपला ग्लास बाजूला सरकवला.

"पीप नाही आता."

"म्हणजे?"

"जोर उतरला होता. ती व्हिस्की राहिली नव्हती. मी अबकारीचे सोपस्कार करून सगळी ओतून दिली. पिपाच्या फळ्या मोडीत गेल्या." त्याने सुरईकडे बोट केलं. "ही विकतची आहे."

"कधी ओतलीत?"

"मंगळवारी."

"मंगळवारी मी विमानात बसले होते," कर्स्टी म्हणाली. ओरडली नाही. तिने हात हळूच मागे घेतला, उठली, कोट घातला आणि म्हणाली, "जरा नदीपर्यंत जाऊन येते."

दार लागलं. खिडकीतून मला ती दिसत होती. कुंपणापाशी थांबली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते.

"मर्डो, जा तिच्यामागे," मी म्हटलं.

"काय सांगू जाऊन?"

"काही सांगू नकोस. नुसता जा. जवळ उभा राहा."

तो उठला. कोटाची एक बाही घातली. मग खिडकीपाशी येऊन तिच्याकडे पाहत राहिला, आणि मला त्याचा चेहरा बघवेना, इतकी माया होती त्यात.

"रडतेय," तो म्हणाला. "जरा शांत होऊ दे तिला. मग जातो."

"अरे, आत्ता जा. आत्ता."

"दोन मिनिटं, एफी."

मी त्याला ढकललंसुद्धा. तो भिंतीसारखा उभा राहिला, एका बाहीत हात घालून. तो दाराशी पोचला तेव्हा ती फाटकातून परत येत होती. तिचे डोळे पुसून झाले होते, केसही नीट केले होते. आत येऊन ती बसली आणि तिने बापाला विचारलं, यंदा बटाटे किती लावलेत, आणि मर्डो सांगायला लागला.