घाईची सकाळ

मोरागनं शिजवलेल्या रुबार्बचे आंबट देठ चमच्याच्या पाठीनं दाबले, तसा गुलाबी रस बरणीच्या तळाशी पसरला. त्यावर तिनं चपटे ओट्स घातले, मग दूध, वर थोडं दही, आणि शेवटी मेपलच्या पाकाची धार सोडली. धार ओट्समधून वाट काढत सावकाश खाली उतरत राहिली. जेवणं आटोपली होती, पण जूनचा उजेड अजून खिडकीत रेंगाळत होता. समुद्रावरून निघालेलं धुकं अंगणात उभ्या तिच्या शाळेच्या पिवळ्या बसच्या चाकांपर्यंत येऊन थांबलं होतं.

टेबलाशी तिचा बाप, लॉकलन, हाताची घडी घालून बसला होता. परीक्षेला बसलेल्या पोराच्या मागे मास्तर उभे राहतात ना, तशी नजर.

"मीठ नाही?"

"नाही, बाबा."

"चूल नाही, मीठ नाही, घोटणं नाही. नुसतं भिजत घालायचं आणि झोपायचं. याला स्वयंपाक म्हणतात का?"

"नका म्हणू स्वयंपाक. सकाळी मला घाई असते. पातेलं घासत बसायला वेळ कुणाला आहे?"

"आमच्या घोडीलासुद्धा हिवाळ्यात गरम ओट्स मिळायचे."

"तिला कुठं शाळेची पोरं गोळा करायची असायची?"

म्हातारा हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. मोरागनं दुसरी बरणी भरायला घेतली. एक तिची, एक त्याची. पहाटे उठून दार उघडायच्या आत तिला चार घास पोटात ढकलायचे असत, आणि म्हाताऱ्याला मागाहून निवांतपणे. फ्रिजचं दार लागलं की दोन्ही बरण्या अंधारात रात्रभर आपलं काम करीत. कुणी ढवळायला नको, कुणी राखण करायला नको. मोरागला ते फार आवडायचं. झोप लागता लागता तिच्या मनात यायचं, खाली ओट्स फुगताहेत, दूध पितायत, गुलाबी होतायत. भरती येते तसं, आवाज न करता.

पण या बरण्यांमागचं कारण घाई नव्हतं. घाई ही तिची थाप होती.

लॉकलननं उभं आयुष्य मासेमारीच्या बोटींवर भटारखाना सांभाळला होता. बोट एका अंगावर कलंडली तरी त्याची लापशी कधी खाली लागली नाही, असं केप ब्रेटनच्या त्या काठावर अजून सांगतात. लापशी ओट्सच्या कण्यांची. कण्या रात्री मिठाच्या पाण्यात भिजवायच्या, पहाटे मंद आचेवर चढवायच्या, आणि लाकडी दांड्यानं घोटायच्या त्या सूर्य फिरतो त्याच दिशेनं. उलटा हात फिरला तर बोटीवरचे लोक ताटली बाजूला सारत. घरी आल्यावरही रोजची लापशी त्याचीच असायची. बायको गेली, मुलगा डंकन दूर अल्बर्टाला तेलाच्या कामावर गेला, मोरागचा संसार मोडून ती माहेरी परत आली, पण सकाळचं पातेलं काही चुकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यानं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि कोट घालून किनाऱ्यावर फिरायला निघून गेला. शेजारच्या विलीनाला धूर दिसला म्हणून घर राहिलं. मोराग बस तशीच वाटेत लावून धावत आली, तेव्हा म्हातारा दारात उभा राहून हवा हुंगत होता.

"कुणाचं करपलं गं?" त्यानं विचारलं होतं.



डंकननं फोनवर एवढंच सांगितलं. पुन्हा धूर निघाला तर तो येईल आणि बापाला वृद्धाश्रमात ठेवून जाईल, मग तिनं रडायचं नाही. डॉक्टरही तेच म्हणाले, जरा गोड शब्दांत. म्हातारा एकदा त्या आश्रमात एका जुन्या सोबत्याला भेटून आला होता. तिथं लापशी कागदाच्या वाटीत देतात, असं त्यानं परत आल्यावर सांगितलं आणि रात्री जेवला नाही.

आता आचाऱ्याला कसं सांगायचं, की तुमच्या हाती विस्तव द्यायला भीती वाटते? मोरागला ते जमलं नाही. त्यापेक्षा ती घाईत पडली. सकाळी वेळच नसतो, बाबा, मी माझ्यासाठी बरणी भरतेच आहे, तुमचीही भरते. आणि पहाटे निघताना ती शेगडीची बटणं उपसून कोटाच्या खिशात टाकायची. खाचखळग्यांत ती खिशात वाजायची. पुढच्या बाकावरची पोरं विचारायची, मिस मोराग, खिशात काय आहे? ती म्हणायची, माझे दात. म्हाताऱ्यानं मात्र बटणांचं एकदाही विचारलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मोरागही गप्प होती.

फक्त शाळा या आठवड्यात उन्हाळ्यासाठी सुटणार होती.

"आणि मग काय सांगणार आहेस?" विलीनानं कुंपणावर कोपर टेकत विचारलं. विलीना सत्तरीची होती आणि कुणाचं काही पोटात ठेवत नसे. "बस परत जाईल. घाई कसली? झोपाळ्यावर बसायची?"

"बघू."

"बघू काय बघू. सरळ सांगून टाक. म्हाताऱ्याला सगळं कळतंय."

"कळत असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तुला माहीत आहे ना बाबांचं."

"पीळ जाईल तेव्हा जाईल. घर जळायला नको," विलीना म्हणाली, आणि तिला एक जुडी रुबार्ब देऊन आत गेली.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पत्त्यांचा डाव असतो. मोराग तिथून परतली तेव्हा म्हातारा झोपायला गेला होता आणि ओटा लखलखीत पुसलेला होता. तिनं आधी शेगडीला हात लावून पाहिला. गार. मग फ्रिज उघडला. आत दोन भरलेल्या बरण्या होत्या, झाकणं घट्ट लावलेल्या, बोटीवरचं सामान रचतात तशा एकमेकींना खेटून.

सकाळी दोघं समोरासमोर बसली. म्हातारा मुद्दाम तिच्याबरोबर उठला होता. बरणीत गोठवलेल्या ब्लूबेरीचा जांभळा रंग उतरला होता, दिसायला देखणी होती. मोरागनं पहिला घास घेतला आणि दाताखाली कचकन वाजलं. म्हाताऱ्यानं चपट्या ओट्सच्या पुड्याला हातच लावला नव्हता. सवयीनं कण्या घेतल्या होत्या, सवयीनं मीठ घातलं होतं.

"कशी झालीय?"

"छान आहे," मोराग म्हणाली. "चावायला लागतं जरा."

स्वयंपाकघरात काही वेळ दोघांच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता.

"जरा?" म्हाताऱ्यानं घास गालात सरकवला. "रेती आहे ही. हे बोटीवर वाढलं असतं तर मला समुद्रात टाकलं असतं."

मोराग हसली. त्यालाही हसू आलं. मग तो बरणी उजेडाकडे धरून तळाशी बसलेल्या कण्या बघत राहिला.

"माझी आई भिजवायची, तेव्हा पातेलं विझत आलेल्या चुलीच्या मागं ठेवायची," तो म्हणाला. "रात्रभर ऊब असायची. माझ्या ते लक्षातच आलं नाही. आगीशिवाय हा दाणा नमत नाही, पोरी."

त्याची नजर शेगडीवर गेली, तिथून मोरागच्या खुंटीवरच्या कोटावर, आणि तिथंच राहिली. मोरागचा चमचा हातातच थांबला. आता विचारतील, तिला वाटलं. विचारोत एकदाचे.

"तुझे ते चपटेच बरे," म्हातारा म्हणाला. "त्यांना आग लागत नाही." आणि लगेच, त्याच आवाजात, "विलीनाचा नवरा जाळं घेऊन येणार होता ना आज?"

विलीनाचा नवरा जाऊन कितीतरी हिवाळे झाले होते. मोरागनं "आज नाही, बाबा" म्हटलं, कोट घातला आणि त्याची पाठ वळल्यावर बटणं खिशात टाकली. त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की रस्त्याच्या कडेला उभी पोरं आधी नुसते रंग म्हणून दिसायची, लाल, निळा, मग त्यांना तोंडं फुटायची. बस बोटीसारखी त्यांच्याकडे जात होती. कळलंय की नाही, मोराग दिवसभर विचार करत होती. कळलं असेल तर लाज वाटत होती, नसेल तर भीती.

शाळा सुटली. पोरांनी तिला चिकट हातांनी मिठ्या मारल्या. तिनं बस झाडून डेपोत परत केली आणि विलीनाच्या गाडीतून घरी आली. अंगणात बसच्या जागी गवताचा एक पिवळा चौकोन उरला होता. म्हातारा खिडकीत होता.

जेवण होईपर्यंत तिनं मनातल्या मनात वाक्य तीनदा जुळवलं. ताटं उचलून झाल्यावर ती म्हणाली,

"बाबा, उद्यापासून ना..."

"रुबार्ब पुरे झालं आता," म्हातारा म्हणाला. "तोंड आंबलं. विलीनानं स्ट्रॉबेरी दिल्यात, त्या घाल."

तो उठला. फळीवरून चपट्या ओट्सचा पुडा काढला, तिच्यासमोर ठेवला, शेजारी दोन बरण्या ठेवल्या. मग स्वतःच स्ट्रॉबेरीचे देठ खुडायला बसला. त्याची बोटं अजून आचाऱ्याचीच होती. मोरागनं बरण्या भरल्या. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं, आणि आपण भित्र्या आहोत असं वाटून ती स्वतःवर चिडली.

सवयीनं तिला पहाटेच जाग आली. ती रात्रीच्याच कपड्यांत खाली आली. म्हातारा आधीच टेबलाशी बसला होता, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. त्यानं तिची बरणी काढून समोर ठेवली होती. खिडकीबाहेर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून कुठूनतरी लॉब्स्टरच्या बोटीचं इंजिन ऐकू येत होतं.

"खा लवकर," तो म्हणाला. "उशीर होईल तुला."

मोराग बसली नाही. हिच्याहून वाईट वेळ येणार नव्हती, आणि चांगलीही.

"बाबा, शाळा काल सुटली."

"ठाऊक आहे."

तो बरणीच्या कडेची स्ट्रॉबेरी चमच्यानं खाली लोटत होता.

"बस गेली ती पाहिली मी. कालचं आठवतं मला, अजून एवढा गेलो नाही. विलीनाचा नवरा गेलाय, तेही आठवलं मागाहून. लाज वाटली." तो थांबला. "ते पातेलंही आठवतं."

मोरागनं खुर्चीची पाठ धरली.

"मग बोलला का नाहीत?"

"आठवतं तेव्हा ठाऊक असतं, मोराग. नसतं तेव्हा मी उठतो, आणि लापशी चढवावी असं मनात येतं. हात आपोआप जातो. मग ही बरणी दिसते. वाटतं, पोरीला घाई होती, म्हणून ठेवून गेलीय. तेवढ्यावर मी खाली बसतो आणि खातो." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू घरात रिकामी दिसलीस, तर मी तुला गरम लापशी करून घालायला उठेन. म्हणून सुट्टीबिट्टी घेऊ नकोस. तू आपली घाईतच राहा."

मोरागच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिला त्याच्या गळ्यात पडायचं होतं. पण म्हाताऱ्यानं नजर बरणीत घातली होती आणि तो चवीनं खात होता, घाईत असलेल्या माणसाला निरोप देऊन झाल्यासारखा. तिनं दोन घास उभ्यानंच घेतले. पायांत बूट चढवले, रात्रीच्या कपड्यांवरच कोट घातला.

"बरं, येते मी, बाबा. उशीर झाला."

"सावकाश चालव," म्हातारा म्हणाला. "धुकं आहे."

मोराग दार ओढून बाहेर पडली. रस्त्यापर्यंत गेली, आणि म्हाताऱ्याची बरणी संपेल इतका वेळ तिथं उभी राहिली.