उणे सत्तेचाळीस टक्के

"हा लाल रंग कोणी दिला?" गोदामप्रमुखाने छापील कागद तिच्या टेबलावर आपटला.

"कॉम्प्युटरने." तिने मान वर केली नाही. "गेल्या आठवड्यापेक्षा आकडा उतरला की लाल, चढला की हिरवा. तो कोणाचं तोंड बघत नाही."

"उणे सत्तेचाळीस टक्के! मी काय झोपा काढत होतो? तीन दिवस छपराचं काम चाललं होतं, गोदामाला कुलूप होतं. पार्सलं काय हवेतून पाठवू? बसल्या जागी बटणं दाबायला तुमचं काय जातं!"

"आवाज खाली. हे ऑफिस आहे, तुमचं गोदाम नाही."

आजूबाजूच्या माना वळल्या. ही दोघं सख्खी भावंडं आहेत, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. आईचं शेवटचं दुखणं त्याने तिच्यापासून लपवलं होतं. तिच्या जिवाला घोर नको, असं त्याचं म्हणणं. ती पोचली तोवर सगळं उरकलं होतं. तेव्हापासून तिने त्याला दादा म्हणणं टाकलं. एकाच कंपनीत असल्यामुळे बोलावं तर लागे, म्हणून दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. त्यात आदर औषधालाही नव्हता.

तो पाय आपटत गेला. जाऊ दे खड्ड्यात, असं ती मनाशी म्हणाली आणि तिला बरंही वाटलं. दुपारी बैठक होती. ज्या गोदामाचा आकडा असा कोसळेल त्याच्या प्रमुखाला घरी बसवायचं, हे साहेबांनी आधीच जाहीर केलं होतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं.

पण कॉम्प्युटरमधला तो तक्ता तिचा होता. तो आठवड्याची बेरीज आधीच्या आठवड्याच्या बेरजेशी ताडून मोकळा होई. कोणतं गोदाम किती दिवस उघडं होतं, हे त्याला विचारायला तिने कधी शिकवलंच नव्हतं. सहा दिवसांची तीन दिवसांशी तुलना, म्हणजे शुद्ध गाढवपणा, आणि तोही तिचा. चरफडत तिने दोन्ही आठवड्यांना कामाच्या दिवसांनी भागलं. अधिक सहा टक्के. मेल्याचं काम चक्क वाढलं होतं!

बैठकीत साहेबांचं बोट त्याच ओळीवर थांबलं.

"सकाळी हे लाल होतं. आता हिरवं कसं?"

तिने सांगितलं. साहेब ऐकता ऐकता हसले.

"हे तुमचे सख्खे भाऊ ना? आत्ताच कळलं मला. भावासाठी आकडे रंगवता होय?"

कोणीतरी खुदकन हसलं. तिचे कान तापले. इतक्या वर्षांत तिच्या आकड्यावर कोणी असं बोट ठेवलं नव्हतं, आणि तेही या माणसापायी! तिने तोंड उघडायच्या आत समोरची खुर्ची सरकली.

"भाऊ कसला, साहेब?" गोदामप्रमुख उभा राहिला होता. "आई गेल्यापासून येणं-जाणं बंद आहे. सकाळीच सगळ्यांदेखत भांडलोय आम्ही, विचारा कोणालाही. ही मला पाण्यात बघते. माझं भलं करायला ही बोटसुद्धा उचलायची नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

नाही म्हटलं असतं तर त्याची नोकरी गेली असती आणि तिचा तक्ता कायमचा खोटा ठरला असता.

"खरं आहे," ती म्हणाली. "माझा यांच्याशी काही संबंध नाही."

"मग आकडा बरोबर असणार." साहेबांनी तक्त्यावर खूण केली. "पुढचं गोदाम."

तो खाली बसला. त्याची नोकरी वाचली होती. इतकी वर्षं दोघं परक्यासारखी वागत होती, पण नातं तुटलं असं तोंडाने कोणीच म्हटलं नव्हतं. आज दोघांनीही ते चारचौघांत सांगितलं होतं, आणि सगळ्यांना ते लगेच पटलंही होतं. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचा भयंकर राग आला.

तिने पुढची ओळ पडद्यावर घेतली आणि वाचायला लागली. पहिला आकडा तिला दोनदा सांगावा लागला, कारण आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचला नव्हता.