जिन्याखालच्या स्विचची अक्कल

मी स्विच बोलतोय. दिव्याचं बटण शोधू नका, ते माझ्या नात्यातलंही नाही. मी इंटरनेटचा स्विच. चपटा पत्र्याचा डबा, पुढे वायरी खुपसायची भोकं आणि भोकाभोकाशी लुकलुकणारा हिरवा दिवा. दिवे लुकलुकले की मी फार विचार करतोय असं लोकांना वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

जन्म तैवानचा, पहिली नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात. माझ्या खोक्यावर 'बुद्धिमान' असं छापलं होतं, कारण कोणत्या वायरीतून किती वेगाने माहिती सोडायची हे मला शिकवता येतं. कारखान्यात ते कुणी शिकवलंच नाही. येईल ते पुढे ढकलायचं, एवढंच काम. पुढे कारखाना बंद पडला आणि माझी बुद्धी भद्रकालीतल्या भंगाराच्या दुकानात वजनावर विकली गेली.

तिथून मला ज्योत्स्नाताईंनी उचललं. २००५ चा सुमार. गंगापूर रोडच्या इमारतींमध्ये त्या घरोघरी इंटरनेटची वायर देत. एका इमारतीत जिन्याखाली, मीटरांशेजारी, त्यांनी मला लावलं. वॉचमन पुंजाने मला सगळीकडून चाचपून पाहिलं आणि निकाल दिला, "ताई, ह्या स्विचनं जिन्यातला दिवा काय लागत नाय."

इमारतीला लाइन एकच. तिसऱ्या मजल्यावरचे महेश, सोसायटीचे सेक्रेटरी, दिवसभर मित्रांना सिनेमे पाठवत बसायचे. त्यांच्यापायी बाहेर जाणारा रस्ता तुंबायचा आणि बाकीच्यांना साधं पत्रही पाठवता यायचं नाही. तक्रारी वाढल्या, तशा ज्योत्स्नाताई स्टूल घेऊन माझ्यासमोर बसल्या. मांडीवरचा लॅपटॉप मला जोडून त्यांनी प्रत्येक घराला मर्यादा घातली. आत येणारं भरपूर, बाहेर जाणारं चमचाभर.

महेश पाहत उभे होते. "पाठवायला एवढंच?"

"घरातून बाहेर पाठवायला असतं काय हो?" ताई म्हणाल्या. "सगळे घेणारेच."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. अखेर कुणीतरी माझी अक्कल वापरली होती. मर्यादेपेक्षा जास्त आलं की ते मी रांगेत अडवायचो आणि ठरलेल्या वेगाने थोडं थोडं सोडायचो. रांग फारच लांबली तर शेपटाकडचं फेकून द्यायचो. गंगापूर धरणाचा दरवाजाच जणू मी. तक्रारी थांबल्या, आणि मी आणखी ऐटीत लुकलुकू लागलो.

पहिल्या मजल्यावर सावळीराम आणि चतुराबाई राहत. चांदवडकडची माणसं. चतुराबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही, लिहायला कुणी शिकवलं नाही. त्यांची मुलगी वेदिका लहानपणापासून त्यांच्याशी हातांनी बोलायची. खुणा दोघींनी मिळून बनवलेल्या, घरच्या. लग्न होऊन वेदिका बेंगळुरूला गेली, तेव्हा तिने आईबापांना कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर घेऊन दिला. दुपारी मायलेकी पडद्यावर बसत.

वेदिकाला दिवस गेले. सातवा लागला, आणि एका दुपारी सावळीराम ज्योत्स्नाताईंना घेऊन जिन्याखाली आले. "ती वायर काढून टाका, ताई. हिला नको हाय."

"का हो काका?"

"हिनं पोरीला इचारलं, बाळंतपणाला माहेरी येती ना? पोरगी नुसती हसली. दुसऱ्या दिवशी इचारलं, परत हसली. आता ही म्हणती, तिला यायचं नाय, तोंडावर सांगवत नाय. मला बी फोनवर इचारू देत नाय. लय रुसलीये. दोन दिस जेवली नाय."

ताईंनी माझ्यातली वायर चिमटीत धरली, तेवढ्यात सावळीरामांचा मोबाइल वाजला. वेदिकाच होती. सावळीरामांनी घाबरून फोन ताईंच्या हातात दिला.

"वेदिका, मी केबलवाली ज्योत्स्ना. आईचे हात नीट दिसतात का गं तुला?"

"हात?" वेदिका म्हणाली. "आई मला फोटोसारखी दिसते, ताई. मधेच हलते, परत थांबते. तिला वाईट वाटू नये म्हणून मी आपली हसते. बाळंतपणाचं तिने एकदाही विचारलं नाही. बोलावणं येईल म्हणून मी वाट बघतेय."

ताईंनी वायर सोडली आणि त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी लुकलुकलो. दुसरं येतं काय मला? चतुराबाईंचा हात वर गेल्याची बातमी मी हात खाली आल्यावर पोचवत होतो. अर्धी तर फेकूनच देत होतो. मुलीचं हसू मात्र बिनचूक आणून देत होतो.

ताईंनी जिन्यातच बसकण मारली. चतुराबाईंच्या वायरीची मर्यादा उठवली, त्यांचं सगळ्यांच्या आधी सोडायला मला बजावलं आणि महेशांचं पाठवणं आणखी आवळलं. मग त्या आणि सावळीराम वर गेले. थोड्या वेळाने माझ्यातून हात वाहू लागले. थांबेचनात.

दोघं खाली आले, ताई डोळे पुसतच. "काका, काय बोलतात हो इतकं?"

"मला बी समजंना," सावळीराम म्हणाले. "लय फास्ट चाललंय. पण येती म्हनली. तेवढं समजलं."

संध्याकाळी महेश तणतणत आले. "माझंच का कमी?"

"तुम्हाला फोनवर बोलता येतं," ताई म्हणाल्या. महेश आले तसे वर गेले.

आता इमारतीत नवं, वेगवान यंत्र आलंय आणि मी ताईंच्या माळ्यावर पडून आहे. नव्या यंत्राला माझं एकच सांगणं. बाबा रे, घेणाऱ्यांची सोय बघ, पण एखाद्या घरात पाठवणारंही कुणी असतं, हे विसरू नकोस.

जाता जाता एक गोष्ट मिरवून घेतो. वेदिका बाळंतपणाला आली, तेव्हा चतुराबाई तिला जिन्याखाली घेऊन आल्या. ज्योत्स्नाताई तिथेच माझ्या वायरी तपासत होत्या. माझ्याकडे बोट केलं, चिमटी दोनदा उघडमीट केली आणि मग स्वतःच्या तोंडावर तळवा दाबून धरला. वेदिका हसत सुटली. "ताई, आईने ह्याचं नाव ठेवलंय. डोळे मिचकावतो आणि तोंड दाबतो."

तोवर मला नाव नव्हतं, पाठीवर नुसता नंबर होता. चतुराबाईंनी एका झटक्यात मला नावही दिलं आणि नावंही ठेवली.