बोटीवरची ती आणि मी

मी शिलाई मशीन बोलतेय. पायाने चालणारी, काळी, मानेवरची सोनेरी वेलबुट्टी निम्मी झिजून गेलेली. सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नकोत. मी मत्सरी आहे. लोखंडाला कसला आलाय मत्सर, असं म्हणू नका. एकाच माणसाच्या पायाखाली एकोणीस वर्षं काढून बघा, मग बोलू.

माझा जन्म कारखान्यातला. तिथून गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या शेडमध्ये आम्ही चाळीसजणी ओळीने मांडल्या गेलो. सकाळी एक बाई माझ्यावर बसायची, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. एकीलाही माझी खोड माहीत नव्हती आणि मलाही कुणाची. शेड बंद पडली तेव्हा इतर मशिनी गाडीत कोंबून गेल्या. मी मात्र एका तरुण शिंप्याच्या हातगाडीवर बसून निघाले. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. वाटभर ते एका हाताने गाडी ढकलत होते आणि दुसऱ्या हाताने मला धरून होते. खड्डा आला की म्हणायचे, "सांभाळा, बाईसाहेब."

तेव्हापासून मी बाईसाहेब आणि ते मास्तर.

घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी त्यांनी मला जागा दिली. तिथेच दुकान थाटलं. मास्तर कोट आणि पँटी शिवायचे. जाड कापड, सोळा नंबरची सुई, दोरा ताणून घट्ट. दर शनिवारी मला तेल पाजायचे, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायचे. त्यांची बायको शेजारी चटईवर बसून तुरपाई करायची, काजं करायची, बटणं लावायची. मला हात लावायची तिला मुभा नव्हती. कधी चुकून चाकावर हात ठेवला तर मास्तर म्हणायचे, "अगं, मशीन एकाच हाताचं असतं. दुसरा हात लागला की बिघडतं."

खरं सांगते, हे ऐकून मला गुदगुल्या व्हायच्या. ती बिचारी हात मागे घ्यायची आणि मी मनातल्या मनात नाक मुरडायचे.

मग तयार कपड्यांची दुकानं वाढली. कोट शिवून घेणारं गिऱ्हाईक आटलं. एके दिवशी मास्तरांना बातमी लागली की एका मोठ्या प्रवासी बोटीवर शिंपी हवाय. नोकरांचे गणवेश दुरुस्त करायचे, पडदे शिवायचे, प्रवाशांचे उसवलेले कपडे नीट करून द्यायचे. दहा महिन्यांचं काम. मास्तर गेले, हात दाखवला, आणि निवड झाली.

निघताना त्यांनी माझ्यावर जाड चादर घातली, वरून सुतळी बांधली. बायकोला म्हणाले, "हिला हात लावू नकोस. आलो की मीच उघडेन." माझ्या चाकावर चादरीवरूनच एकदा थाप मारली आणि गेले.

बोट बंदराला लागली की मास्तरांचा फोन यायचा. चित्रासकट. मला चादरीखालून दिसत काही नव्हतं, पण कान शाबूत होते.

"बघ, ही आमची नवी!" मास्तर म्हणत होते. "पाय मारायला नको. नुसता दाब दिला की वाऱ्यासारखी सुटते. दोरासुद्धा आपला आपण कापते. अगं, आवाज म्हणून नाही! आपल्या बाईसाहेब म्हणजे खटारा वाटतील हिच्यापुढे."

खटारा!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षं. त्यांच्या पायाची प्रत्येक लय मला पाठ. कोटाच्या खांद्याला वळण घेताना ते श्वास रोखून धरतात, हे मला ठाऊक. आणि ही कोण कुठली, पाय न लावता पळणारी, दोरा कापून दाखवणारी? मी चादरीखाली नुसती धुमसत राहिले.

मास्तरांना जाऊन महिना झाला असेल. शेजारच्या काकू आपल्या नातीचे दोन फ्रॉक घेऊन आल्या. "एवढी शिवण मारून दे गं, पोर उद्या शाळेच्या कार्यक्रमात उभी राहायचीय."

"मला मशीन येत नाही, काकू."

"एकोणीस वर्षं शेजारी बसलीयेस आणि येत नाही?"

काकू फ्रॉक ठेवून गेल्या. ती बराच वेळ माझ्यासमोर उभी राहिली. मग तिने सुतळी सोडली.

दुसरी कुठली वेळ असती तर मी तिला जुमानलं नसतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच होतं. ते तिकडे परकीवर बसतायत ना? मग बसू दे हिलाही. कळू दे त्यांना! प्रेमाबिमाने नाही, निव्वळ जळफळाटाने मी तिला साथ दिली.

पहिल्या दिवशी तिच्या पायाने चाक उलटं फिरवलं आणि दोरा सात वेळा तुटला. ती चिडली नाही. सात वेळा ओवला. स्टूल उंच पडत होतं, ते तिने फिरवून खाली घेतलं. दोऱ्याचा ताण सैल केला. मऊ कापडासाठी बारीक, अकरा नंबरची सुई घातली. संध्याकाळपर्यंत दोन्ही फ्रॉक झाले. शिवण थोडी नागमोडी होती, पण पक्की होती.

फ्रॉकांमागून फ्रॉक आले. उशांचे अभ्रे, झगे, कामावर जाणाऱ्या बायकांचे कुडते. ज्या बायका मास्तरांपुढे माप द्यायला संकोचायच्या, त्या हिच्याशी हसतखिदळत माप देऊ लागल्या. शाळेतल्या बाई तर म्हणायच्या, "ताई, तुमच्या हातचं अंगात घातलं की श्वास घेता येतो हो." बघता बघता ती सगळ्यांची ताई झाली. माझीही. तिचे पाय छोटी छोटी पावलं टाकल्यासारखे चालायचे. शिवताना गुणगुणायची. मास्तर कधी गुणगुणले नव्हते.

मास्तरांच्या फोनवर मात्र ती एवढंच म्हणायची, "इकडे काय, नेहमीचंच." मी खूश असायचे. त्यांना त्यांची ती, तर मला माझी ही.

मास्तर परतणार होते त्याच्या आदल्या दिवशी ताईने सगळं आवरलं. गिऱ्हाइकांचे कपडे कपाटात दडवले. स्टूल उंच केलं, ताण घट्ट केला, चादर घातली, सुतळीला तशीच गाठ मारली. तिचा हात माझ्या चाकावर जरा जास्त वेळ राहिला.

मास्तर आले. हातात चाकांची नवी बॅग, अंगावर नवा शर्ट, चेहरा जरा ओढलेला. शेजारीपाजारी जमले. मास्तर सांगत सुटले. "बोट कसली, उभं गावच ते! अकरा मजले. पोहायला तलाव, नाचायला वेगळी खोली. कप्तानाच्या कोटाची बाही मी बदलून दिली, तर म्हणाला, असा हात पाहिला नाही." आणि लगेच, "आणि काय ते मशीन!" मी कान मिटून घेतले असते, पण मिटायची सोय नाही.

दोन दिवस त्यांनी माझी चादर काढली नाही. दोन दिवस! तिसऱ्या दिवशी सकाळी काढली, स्टुलावर बसले, सुईखाली कापड सरकवलं, आणि थांबले. वाकून बघितलं.

"ही सुई कुणी लावली?"

ताई भाजी निवडत होती. तिचे हात थबकले. "कुठली?"

"अकरा नंबरची आहे. मी सोळाची घालून गेलो होतो."

"मी बसत होते."

"कधीपासून?"

"तुम्ही गेल्यावर महिनाभराने."

"आणि मला फोनवर काय सांगत होतीस? नेहमीचंच?"

"तुम्ही विचारलंत कधी?" ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही सांगायचात, मी ऐकायचे."

तेवढ्यात दारातून हाक आली. "ताई आहेत का?" शाळेतल्या बाई कापड घेऊन उभ्या होत्या.

"या, द्या ना," मास्तर उठले. "मी मास्तर. दुकान माझंच आहे."

"अय्या, तुम्ही आलात होय? बरं झालं." बाईंनी कापड छातीशी धरलं. "पण ताईंनाच देते. माझं माप त्यांना माहितीय."

मास्तरांचा चेहरा उतरला. ते कसलं उतरणं होतं ते मी तत्काळ ओळखलं. दहा महिने माझं दुसरं काय चाललं होतं? मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मनात म्हटलं, घ्या! आता कळलं कसं होतं ते?

बाई गेल्यावर त्यांनी रागारागाने सुई बदलली आणि पाय मारला. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. त्यांच्या बोटांना अजून परक्या तेलाचा वास येत होता. मी अडून बसले होते, खोटं कशाला बोलू?

"बिघडवलंस हिला," ते म्हणाले.

"ती बिघडली नाही. तुमचे पाय विसरलेत."

पुढचे चार दिवस घरात फक्त भांड्यांचे आवाज होते. पाचव्या दिवशी बोटीच्या कचेरीतून पत्र आलं. सहा आठवड्यांनी पुन्हा रुजू व्हा. मास्तरांनी ते ताईसमोर टाकलं. "जातो मी. इथे माझं काय काम आहे? तिथे निदान माझं मशीन तरी मला ओळखतं."

हे वाक्य माझ्या अंगावर कढत इस्त्रीसारखं पडलं.

ताईने पत्राची घडी घातली. "खरंच ओळखतं?"

 मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तिथे खिडकी नव्हती."

"म्हणजे?"

"आमची खोली बोटीच्या तळाशी. पाण्याच्याही खाली. चौघं शिंपी, पाळीपाळीने एकाच मशीनवर. मी उठलो की दुसरा बसायचा. बसलो की खुर्ची आधीच गरम असायची. दहा महिन्यांत मी समुद्र पाहिला तो सामान चढवायच्या दारातून. कप्तानाला तर मी पाहिलंही नाही. कोट खाली यायचा आणि वर जायचा."

"मग तेवढं कौतुक कशाचं करत होतात?"

"तू काळजी करशील म्हणून." जरा थांबून ते म्हणाले, "आणि मलाही पटावं म्हणून."

ताई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.  जिच्यावर दहा महिने जळले, ती म्हणजे शेडमधली मीच निघाली. तिन्हीत्रिकाळ दुसऱ्याच कुणाच्या तरी पायाखाली. मला तिची कीव आली. पण जळणं पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही, कारण तिने दहा महिने मास्तरांचा हात भोगला होता, कसाही असो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई दोरे आणायला बाजारात गेली. मास्तर माझ्यापाशी आले. सकाळी तिने स्टूल खाली घेऊन, पुन्हा बारीक सुई घालून सुरू केलेला एक अर्धवट झगा माझ्यावर तसाच होता. ते स्टुलावर बसले. त्यांना ते फार खाली पडत होतं, गुडघे पोटाशी येत होते. पण त्यांनी ते वर केलं नाही. अकरा नंबरची सुईही तशीच ठेवली. पाय पायडलवर ठेवून आधी नुसता अंदाज घेतला, मग छोटी छोटी पावलं टाकल्यासारखा चालवला. त्यांना ते जमत नव्हतं. कपाळावर घाम आला.

"चला, बाईसाहेब," ते पुटपुटले. "मलाही शिकवा."

मी चालले. करणार काय!

ताई आली, पिशवी ठेवली, झगा उचलून उजेडात धरला. "ही डावी बाजू तुमची."

"कशावरून?"

"सरळ आहे."

"वाईट झालीय?"

"नाही. छान झालीय. पण उजवीशी जुळत नाही." मग दोघंही हसू लागले, आणि मास्तरांनी उसवायला घेतली ती स्वतःचीच बाजू.

पत्राला नकार गेला. आता समोरच्या भिंतीला एक नवं मशीन आलंय. विजेचं, पांढरं, बिनआवाजी. मास्तर त्यावर पडदे आणि जाड कापड शिवतात. मी ताईची. माझ्या मानेवरून पहिला फडका तीच फिरवते. म्हातारपणी एवढं मिळालं, तक्रार करू नये.

पण काल ताई त्या पांढरीवर जाऊन बसली होती. गंमत म्हणून, असं म्हणाली. एकच शिवण घातली, वीतभर. "किती हलकं चालतं हो," असंही म्हणाली.

तुमच्या घरात कोपऱ्यात असं जुनं काही असेल, तर एक विनंती. नवं जरूर आणा, वापरा, कौतुकही करा. फक्त ते जरा हळू आवाजात करा. आम्हाला सगळं ऐकू येतं.