अंगावरच्या कपड्यांसह

…अंडं तळाला गेलं, पण आडवं झालं नाही. पातेल्यातल्या पाण्यात ते जरासं कलून, टोकावर उभं राहिलं — म्हणजे आठ-दहा दिवसांचं असणार, वाईट नाही, उकडायला तर उलट बरं, कवच पटकन सुटतं. तिने ते वाटीत काढून ठेवलं आणि दुसरं पाण्यात सोडलं. दुकानदार लहान, मळकट अंडी तिच्यासाठी बाजूला ठेवतो, ती स्वस्त पडतात. लोकांना मोठी, पांढरीशुभ्र हवी असतात. वजनाच्या हिशेबाने लहानच परवडतात, हे तिने एकदा त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता.

"ताई, तुम्ही मास्तरीणबाई का हो?"

"नाही. पाणी तपासते. प्रयोगशाळेत."

तो एकदम गंभीर झाला होता. "अंड्यात पाणी नाही हो घालत आम्ही."

ते आठवून तिला हसू आलं, आणि हसू येतंय हे लक्षात येताच बरं वाटलं. आठवड्याला अकरा अंडी. सासऱ्यांना रोज एक, लेकीला, चिमणीला, रोज अर्धं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तिने एक तक्ता चिकटवला होता : तेवढ्याच पैशांत कशातून किती प्रथिनं मिळतात. सगळ्यात वर मसूर, मग शेंगदाणे, मग अंडी, मग ते दूध — डेअरीवाला दुपारनंतर अर्ध्या किमतीत देतो ते, घरी आणून लगेच फाडून त्याचा चोथा दाबून ठेवायचा. नवरा दूर रस्त्याच्या कामावर होता आणि तीन महिने त्याच्याकडून निम्माच पगार येत होता. पण गरिबी हा शब्द तिने मनातसुद्धा उच्चारला नव्हता. मर्यादा होत्या. मर्यादा प्रत्येक प्रयोगाला असतात. आजूबाजूच्या घरांत तिच्या दुप्पट किराणा येत होता आणि त्या घरांतली माणसं तिच्या निम्मंसुद्धा नीट खात नव्हती, असं तिचं मत होतं — आणि हे मत ती मधूनमधून बाहेर काढून, पुसून, पुन्हा जागेवर ठेवत असे.

सहा आठवड्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, "गाठ लहान आहे, काढून टाकू. पण बाबांचं हे वजन… या अंगावर मी सुरी चालवणार नाही. पन्नासच्या आसपास आणा. सहा-सात आठवडे थांबता येईल, त्याहून जास्त मात्र नको." बाबा, तिचे सासरे, खुर्चीत अवघडून बसले होते, आणि ती — हे आता आठवलं की कसंसंच होतं — ती मनातून जवळजवळ खूश झाली होती. कारण डॉक्टरांनी तिला आकडा दिला होता. शेचाळीस-आठ वरून पन्नास. म्हणजे तीन किलो दोनशे ग्रॅम. हे तर जमण्यासारखं आहे, आणि घरात हे जमवणारं माणूस कोण, तर मीच.

शाळेतल्या नर्सबाईंची चिठ्ठी मात्र त्याआधीच आली होती. *वजन एकवीस. वयाच्या मानाने कमी. आहाराकडे लक्ष द्यावे.* ती चिठ्ठी तिने घडी करून तक्त्यामागे खोचली होती. डॉक्टरांकडून आल्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा उकळत असताना, तिने पेन्सिल घेतली आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं : बाबा आधी. चिमणी आठ वर्षांची आहे, तिला वेळ आहे. बाबांना तारीख आहे. यात चूक कुठेच नव्हती. कोणीही शहाणा माणूस हेच लिहील. चहा मात्र उतू गेला होता.

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"काय म्हणते आमची प्रयोगशाळा? पाव आणायचा ना?"

"कालचाच मागा. निम्म्यात देतो."

"कालचा काय, परवाचा आणतो. दात कुठे आहेत मला!"

"आजोबा, मला आहेत की!" चिमणी.

"तुझे तरी कुठे धड आहेत? पुढचे दोन उंदराने नेलेत. चल."

दार लागलं. दोघांचे आवाज जिन्यावरून खाली उतरत गेले, एक जड, एक उड्या मारणारा.

कालच्या दुधाचा चोथा फडक्यात बांधून तयार होता. एरवी ती त्यावर पाण्याने भरलेली कळशी ठेवायची, पण कळशी कालपासून गळत होती. काहीतरी जड हवं होतं — आणि मग सहजच, खरोखर सहजच, तिला बाबांची पेटी आठवली.

बाबा चाळीस वर्षं गोदामात तोलारी होते. पोती, गोण्या, पेट्या, जे येईल ते तोलून मोठ्याने आकडा सांगायचा, कारकुनाने तो लिहायचा. निवृत्त होताना मालकाने काय हवं विचारलं, तर त्यांनी वजनांचा जुना संच मागून घेतला. लाकडी पेटी, प्रत्येक वजनाला आपापला गोल खड्डा. 'मापात पाप केलं नाही' हे वाक्य ते वर्षातून दोनदा तरी म्हणत, आणि म्हणताना पेटीवर हात ठेवत. प्रयोगशाळेतून मोडीत निघालेला माणसं तोलायचा काटा ती घरी घेऊन आली, तेव्हा पहिल्या रविवारी तो याच वजनांनी तपासून घेतला होता. सासरा वजनं ठेवत होता, सून काट्याचा स्क्रू फिरवत होती. दोघांनाही इतका आनंद झाला होता की चिमणी म्हणाली, "तुम्ही दोघं खेळताय का?"

तिने खाटेखालून पेटी ओढली. झाकण उघडलं.

दोन किलोचा खड्डा रिकामा होता. अर्ध्या किलोचाही.

ती उकिडवी बसून राहिली. रिकाम्या खड्ड्यांच्या तळाशी लोखंडाचे काळे गोल डाग होते. हरवली असतील… चिमणीने खेळायला… पण नजर आधीच वर गेली होती, खुंटीकडे. खुंटीला बाबांचा जाड कोट लटकत होता. बाकीचे कपडे खुंटीवर जसे चुरगळून, अंग सोडून लटकतात तसा नव्हे. त्याच्या दोन्ही बाजू ताणून सरळ खाली आल्या होत्या, ओळंब्यासारख्या.

तिने हात वर केला. खिशापर्यंत नेला, आणि परत घेतला. हात घालायची गरज नव्हती.

वजनाची वही स्वयंपाकघरात होती. ती जाऊन उभ्याउभ्याच पानं उलटत राहिली. पहिला रविवार, शेचाळीस-आठ. दुसरा, सत्तेचाळीस-दोन, आणि त्याच्यापुढे तिच्याच अक्षरात : *अंगावरच्या कपड्यांसह. कोट.* त्या दिवशी बाबा म्हणाले होते, थंडी वाजतेय गं, आणि तिने काटेकोरपणे तशी नोंद केली होती. तिसऱ्या रविवारी नोंद नाही. सत्तेचाळीस-सात, बस. चौथा, अठ्ठेचाळीस-एक. पाचवा, अठ्ठेचाळीस-सहा. सहावा, एकोणपन्नास. किती सुरेख रेषा — थेट वर जाणारी, दर आठवड्याला चार-पाचशे ग्रॅम… प्रयोगशाळेत नव्या मुलीने इतकी सुरेख रेषा आणून दाखवली असती, तर मी तिला पहिला प्रश्न काय विचारला असता? बाई, रिकामं भांडं तोललंस का आधी?

ती रिकामं भांडं न तोलता कधी चिमूटभर मीठसुद्धा तोलत नाही. वीस वर्षं झाली. आणि सहा रविवार… नाही, पाच… पाच रविवार एक माणूस कोट घालून काट्यावर चढतो, आणि ती म्हणत नाही, बाबा, कोट काढा. खिसे रिकामे करा. एवढे दोन शब्द.

वजनं दिसली नाहीत, असं म्हणता येईल. दोन किलोचं लोखंड. कोट ढगळ आहे, खोलीत उजेड कमी आहे…

आणि मग चिमणीचा फ्रॉक. गेल्या पंधरवड्यात त्याची शिवण दोनदा उसवली होती. आंघोळीनंतर डोकं पुसताना हाताला लागणारे तिचे खांदे आता टोचत नव्हते. ते हातांना कळलं होतं. हात थांबलेही होते क्षणभर. आणि तिने ते सगळं आपल्या तक्त्याच्या खात्यात जमा करून टाकलं होतं. मसुराची कमाल! रोज सकाळी आठला ती दोन ताटं झाकून ठेवून निघते, दुपारी शाळा सुटली की दोघं जेवतात, संध्याकाळी ती येते तेव्हा दोन्ही ताटं लख्ख धुऊन पालथी घातलेली. कोणी काय खाल्लं, हे पालथं ताट सांगत नाही. मागे एकदा रविवारी चिमणीच्या ताटात तिने अर्धं अंडं वाढलं तर पोर म्हणाली होती, "आज अर्धंच?" आणि आजोबांकडे बघून गप्प झाली होती. बाबांनी मोठ्याने मचमच आवाज करत आपलं अंडं खाल्लं होतं, जरा जास्तच मोठ्याने.

ऐकलं होतं मी. मी तेव्हा मीठ आणायला आत गेले होते. मीठ ताटाशेजारीच होतं.

घरात काटा येऊन दीड महिना झाला, आणि तिने चिमणीला एकदाही त्याच्यावर उभं केलं नव्हतं. का नाही? वेळ नव्हता. शाळेत करतातच. का नाही?…

जिन्यात पावलं वाजली. बाबा मधल्या पायरीवर थांबले, दम घेतला, पुन्हा चढू लागले. हे थांबणंसुद्धा नवं होतं.

"परवाचा नाही मिळाला," बाबा आत येत म्हणाले. "म्हणाला, आजोबा, तो काल संपला. ताज्याला आता काय शिळा होईपर्यंत धरून बसू?" ते हसले, पावाची पिशवी तिच्या हातात दिली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. रविवारी अकरा वाजता, जेवणाआधी. वेळ तिनेच ठरवलेली. "झाले की अकरा. थांब, कोट घालतो. खोली गार आहे."

तिने पिशवी मनगटाला अडकवली. तिने काटा भिंतीपासून ओढला, पातळी बघितली, स्क्रू फिरवून शून्यावर आणला. बाबा आले. कोट घालून ते जरा पुढे झुकून चालत होते. चढताना त्यांनी एक हात भिंतीला लावला, मग काढून घेतला, कारण भिंतीला हात लावला की आकडा चुकतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक!

काटा हलला, डगमगला, थांबला. एकोणपन्नास-चार.

दोन किलो. अर्धा किलो. कोटाचा एक धरू.

"किती?" बाबांनी विचारलं.

"पंचेचाळीस-नऊ," ती म्हणाली.

बाहेर कोणीतरी बादली ओतली. बाबा काट्यावरच उभे होते. त्यांनी खाली आकड्याकडे बघितलंच नाही; ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, असलाच तर एक थकवा होता, ओझं खाली ठेवायला परवानगी मिळाल्यासारखा.

"वजाबाकी बरोबर आहे तुझी," ते म्हणाले.

"बाबा, ऑपरेशनआधी वजन करताना हॉस्पिटलात अंगावरचे कपडे काढायला लावतात. गुरुवारी."

"हो. ते राहिलंच माझ्या ध्यानात यायचं." त्यांनी कोटाचं बटण चाचपलं. "पहिल्यांदा खरंच थंडी वाजत होती गं. काटा चढला, आणि तुझा चेहरा बघितला. म्हटलं, पोरीला एवढा आनंद होतोय…"

"आनंद? ती गाठ थांबणार आहे का माझ्या आनंदासाठी?" आवाज चढला, आणि चढताच तिला कळलं की तो रागाचा नाही, रागासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

"नाही थांबणार. ओरड. ओरडायलाच हवं." ते खाली उतरले, भिंत धरून. एका खिशातलं लोखंड काट्याच्या कडेला ठणकन लागलं. "चिमणे, इकडे ये. उभी राहा इथे."

"बाबा, नको."

"का नको?"

चिमणी पाव चघळत आली, एका पायाची चप्पल काढली, दुसरीची आठवण झाली म्हणून तीही काढली, आणि ताठ उभी राहिली. बाबांनी वाकून, डोळे बारीक करून, गोदामात सांगत तसा मोठ्याने आकडा सांगितला : "तेवीस-दोन!"

"जास्त आहे की कमी?" चिमणीने विचारलं.

"झकास आहे." ते सुनेकडे वळले. आवाज खाली आला. "माल कुठे गेला नाही बघ. या पोत्यातला त्या पोत्यात. तक्त्याखाली तू काय लिहिलंस ते वाचता येतं मला, चष्मा जाड असला तरी. तुला लिहावं लागलं, यातच सगळं आलं. पण ताटावर मी बसतो ना रोज, तिच्यासमोर. तू नाही बसत."

उत्तरं होती — गुरुवार, डॉक्टर, पुढची तारीख कधी मिळेल, तोवर गाठ किती वाढेल, शिवाय हे कसलं प्रेम, हा तर सरळ अन्याय आहे, आमच्यावर, तुमच्या मुलावर… सगळी खरी होती. आणि त्या सगळ्यांच्या खाली, तळाशी, 'तेवीस-दोन' हा आकडा ऐकताक्षणी छातीत काहीतरी सैल झालं होतं, हेही खरं होतं. एकवीस वरून तेवीस-दोन. दोन किलो दोनशे. तिने ते सैल झालेलं पुन्हा आवळायचा प्रयत्न केला. ते आवळेना.

एक आकडा खाली गेला, एक वर आला. एकातून दुसरा वजा करावा तर बाकी काय उरते ते लिहायला वहीत रकाना नव्हता. उद्या सकाळी आठला मी ताटं झाकून निघेन. काय वाढायचं ते मी ठरवीन, मोजून वाढीन, तक्ता बदलीन, खाडाखोड करीन, पाया पडून सांगीन बाबांना — आणि दुपारी त्या दोघांपाशी मी नसेन. सहा आठवडे मला याचीच भीती वाटत होती असं मी समजत होते. भीती नव्हती ती. मी नसेन आणि कोण काय खातं ते मला बघावं लागणार नाही, म्हणून तर मला रोज निघता येत होतं.

"आई," चिमणी काट्यावरूनच म्हणाली, "आता तू."

"मी कशाला…" ती म्हणाली. पण बाबा आणि चिमणी, दोघंही वाट बघत उभे राहिले, आणि तिच्या लक्षात आलं की आपण स्वतःच्या ओढणीचं टोक, चप्पल, हातातली पावाची पिशवी, एकेक गोष्ट मनातल्या मनात उतरवत चाललो आहोत — आणि कुठे थांबायचं ते कळत नाही.