ओरत्तनाडूच्या रस्त्यावर तापलेली मोटार

मी एक जुनी पांढरी मोटार आहे, मित्रांनो. तंजावुरात एका नारळाखाली ताडपत्री पांघरून मी उभी असते. कारखान्यातून माझ्याबरोबर कितीतरी बहिणी निघाल्या. त्यांतली एकही पुन्हा भेटली नाही.

मला घरी आणले वरुणरावांनी. ते कॉलेजात शिकवत. त्यांच्या पत्नी शेषम्मा शेजारी बसत. सारी गल्ली तमिळ बोले, हे दोघे मात्र आपसांत पूर्वजांपासून चालत आलेली मराठी. म्हणून मीही मराठीच शिकले. तेव्हा लोक माझी चकाकी बघायला थांबत.

मग शेषम्मा वारल्या. वरुणराव माझ्याशीच बोलू लागले. आज भात करपला, चेन्नईहून प्राणेशचा, म्हणजे मुलाचा, फोन आला नाही, असे सगळे सांगत. मी ऐके. उत्तर कुठून देणार?

पोंगलनंतरच्या एका दुपारी आम्ही जवळच्या ओरत्तनाडू गावाला निघालो. सुगी होती. लोकांनी मळणीसाठी भाताच्या पेंढ्या रस्त्यावरच पसरल्या होत्या. त्यांवरून धावता धावता माझे अंग तापले. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. बोलण्यात गुंगलेल्या वरुणरावांना तो दिसलाच नाही. वाफ निघाली तेव्हा ते दचकून थांबले आणि बॉनेट उघडून थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालू लागले. आत पाणी उकळत होते! ते त्यांच्या तोंडावर उडाले असते.

रस्त्याकडेला भात वाळवणारी भुवना धावत आली. तिने त्यांचा हात धरला. ट्रॅक्टरचे झाकण असेच उघडून तिच्या नवऱ्याचा हात भाजला होता. तिने त्यांना सावलीत बसवले, ताक दिले, आणि घरी कुणाला कळवू का, असे विचारले. वरुणरावांनी माझ्याकडे बघितले.

"घरी कुणी नाही, अम्मा," ते म्हणाले.

मी निवल्यावर त्यांनी तपासणी केली. पाणी थोडेच कमी होते. नळी गळत नव्हती, पट्टा ताठ होता, पंखा मोकळा फिरत होता. मग ते पुढून वाकले. रेडिएटरची जाळी भाताच्या तुसांनी गच्च भरली होती. वारा आत शिरतच नव्हता. मऊ ब्रशने हळूहळू तुसे काढत ते पुटपुटले, "एवढं तापलीस, सांगायचं नाही का?"

सांगत होते, मित्रांनो. आपल्या परीने सांगतच होते.

ही हकीकत कळताच प्राणेश आला आणि त्यांना चेन्नईला घेऊन गेला. मी इथेच राहिले. मागच्या सुट्टीत सगळे आले होते. वरुणराव माझ्यात बसले आणि नातीला म्हणाले, "विनुता, ये की शेजारी. तुझ्या आजीची जागा ही."

तिला सगळे कळले. ती येऊन बसलीही. पण बोलली तमिळमध्येच, दोन शब्द. वरुणरावांनी मान हलवली आणि माझे दार ओढून घेतले.

मित्रांनो, तापलेल्या गाडीचे झाकण लगेच उघडू नका, सुगीत जाळी झाडत जा. आणि घरातले म्हातारे माणूस आपल्या भाषेत काही विचारील, तर मोडक्यातोडक्या का होईना, त्याच भाषेत उत्तर द्या. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.